चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मूळ पत्र लांब होतं, गाभा तेवढा ठेवला आहे. त्यात आलेला 'बायपोलर' म्हणजे मन कधी खोल उदासीत, तर कधी उतू जाणाऱ्या उत्साहात, अशा दोन टोकांना जाण्याचा आजार.

"ताई, माझे मिस्टर 36 वर्षांचे आहेत. गेले चार महिने मिटून गेलेत. कामाला जातात, पण घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. फॅमिली डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या चालू केल्या, त्याला दीड महिना झाला. त्यांनीच समुपदेशनासाठी एका ठिकाणी पाठवलं. तिथल्या सोशल वर्कर मॅडम दोन वेळा मिळून तीन तास बोलल्या. नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, त्यात 17 आले. मग माझ्याशी बोलल्या, सासूबाईंशी वेगळं बोलल्या. सासूबाईंनी त्यांना दोन वर्षांपूर्वीचं काही सांगितलं, ते मलाही माहीत नव्हतं, कारण तेव्हा मी नोकरीसाठी परगावी होते. आठ-दहा दिवस हे रात्री दोन-तीन तासच झोपायचे, तरी दिवसभर उत्साहात. कपाटं रिकामी करून पुन्हा लावायचे, एका आठवड्यात तीन धंद्यांच्या योजना आखल्या, मित्रांकडून पैसे उचलले. मग आपोआप शांत झाले. मॅडमनी शेवटी सायकियाट्रिस्टना दाखवायला चिठ्ठी दिली, त्यावर '? बायपोलर' असं लिहिलंय. मिस्टर प्रचंड चिडले. ही बाई डॉक्टर आहे का, हिला कुणी अधिकार दिला, म्हणाले. दीर म्हणतात तक्रार करा, एकदा शिक्का बसला की नोकरी जाईल. त्यांच्या मते हा नुसता आळस आहे. नणंद म्हणते, बाहेरच्या देशांत सोशल वर्करच निदान करतात, त्यात काय एवढं! चिठ्ठी आठ दिवस माझ्या पर्समध्ये आहे. सोशल वर्करला असं निदान करायचा अधिकार असतो का, तेवढं सांगा. चिठ्ठीचा फोटो जोडलाय."

ताई,

अधिकाराचं सांगते, सविस्तर सांगते. पण आधी मला एक सांगा. त्या नऊ प्रश्नांच्या कागदावर शेवटच्या, नवव्या प्रश्नाला तुमच्या मिस्टरांनी काय उत्तर दिलंय?

तो कागद म्हणजे बहुधा पीएचक्यू-9, नैराश्य मोजायची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे त्यात नऊ प्रश्न असतात. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. नववा प्रश्न असतो मरून गेलेलं बरं असं वाटण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. तुम्ही बेरीज लिहिलीत, नववं उत्तर लिहिलं नाहीत. बेरीज 17 आली तरी नववं उत्तर शून्य असू शकतं, आणि बेरीज कमी असूनही नववं उत्तर काळजीचं असू शकतं. ते शून्य नसेल, किंवा काय होतं ते तुम्हाला माहीतच नसेल, तर माझं पुढचं पत्र नंतर वाचा. आजच त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करावं असं मनात येतं का?" विचारल्यामुळे तसला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो, हे मी कितीदा पाहिलंय. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या तुमच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. चिठ्ठीवर सही कुणाची आहे, हे तिथे कुणी पाहणार नाही.

आता अधिकार.

तुम्ही कुठून लिहिलंत ते पत्रात नाही, आणि या प्रश्नाचं उत्तर देश बदलला की बदलतं. तुमची नणंद खोटं सांगत नाही आणि मिस्टरांचा प्रश्नही चुकीचा नाही. अमेरिकेत सोशल वर्कमधली पदव्युत्तर पदवी घेतलेला, त्यानंतर वरिष्ठांच्या देखरेखीखाली हजारो तास काम केलेला आणि परवान्याची परीक्षा उतरलेला क्लिनिकल सोशल वर्कर मानसिक आजाराचं निदान करतो, स्वतःच्या सहीनं लिहितो आणि विमा कंपन्या ते मान्य करतात. पण हे 'क्लिनिकल' परवानावाल्याचं. न्यूयॉर्क राज्यात 2004 पासून दोन परवाने वेगळेच आहेत. मास्टर सोशल वर्करला निदानाचं काम देखरेखीखालीच करता येतं, क्लिनिकल सोशल वर्करला स्वतंत्रपणे. दोघांचीही ओळख लोकांना 'सोशल वर्कर' एवढीच. औषध लिहून देणं मात्र दोघांच्याही हातात नाही.

तिथून वर कॅनडात, ऑंटारिओ प्रांतात गेलात तर चित्र उलटं. तिथला 1991 चा आरोग्य व्यवसायांचा कायदा फार बारकाईनं लिहिलेला आहे. तो असं म्हणत नाही की इतरांनी मनात अंदाज बांधू नये. तुमच्या लक्षणांमागे अमुक आजार आहे, असं माणसाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला सांगणं आणि तो त्यावर विसंबून पुढचं ठरवेल अशी शक्यता असणं, हे कृत्य त्या कायद्यानं ठरावीक व्यवसायांपुरतं राखून ठेवलंय. त्या यादीत डॉक्टर आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, सोशल वर्कर नाहीत. मानसोपचाराच्या बैठकी घ्यायला मात्र त्यांना मुभा आहे. मला हा कायदा आवडतो, कारण आजाराचं नाव उच्चारण्यात काय ताकद असते ते त्यानं ओळखलंय. एकदा ऐकलेलं नाव परत घेता येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये तिसरीच तऱ्हा. 1983 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली एखाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध रुग्णालयात ठेवायचं तर साधारणपणे दोन डॉक्टरांची शिफारस लागते. आजार ठरवायचं काम त्यांचं. पण नुसत्या शिफारशींनी माणूस आत जात नाही. कुणीतरी अर्ज करावा लागतो, आणि तो बहुधा खास प्रशिक्षण घेऊन मान्यता मिळवलेला सोशल वर्कर करतो. 2008 पर्यंत ते काम फक्त सोशल वर्करचं होतं, त्यानंतर नर्स वगैरेंनाही खुलं झालं. अर्ज करण्याआधी त्यानं त्या माणसाशी स्वतः बोललंच पाहिजे, घरची परिस्थिती पाहिली पाहिजे, रुग्णालयाशिवाय दुसरी वाट आहे का ते शोधलं पाहिजे. दोन्ही डॉक्टर हो म्हणाले तरी तो नाही म्हणू शकतो. म्हणजे आजाराला नाव देण्याचा अधिकार नाही, पण त्या नावाच्या आधारे माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं की नाही, यात त्याचा शब्द मोठा!

भारतात 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, तो 2018 च्या मे महिन्यात लागू झाला. सायकियाट्रिक सोशल वर्कर कुणाला म्हणायचं याची व्याख्याच त्यात दिली आहे. सोशल वर्कमधली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंद झाली की अशी व्यक्ती कायद्याच्या भाषेत मानसिक आरोग्य व्यावसायिक ठरते. पण तोच कायदा कलम 106 मध्ये सांगतो की कुणीही आपल्या व्यवसायाच्या क्षेत्राबाहेरचे उपचार किंवा औषधं सुचवायची नाहीत. स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाला दाखल करताना दोन स्वतंत्र तपासण्या लागतात. त्यातली एक सायकियाट्रिस्टचीच हवी, दुसरी अशा नोंदणीकृत व्यावसायिकाची चालते. सोशल वर्करची सही सायकियाट्रिस्टच्या शेजारी येते, त्याच्या जागी येत नाही. शिवाय 2021 साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा जो कायदा झाला, त्याच्या यादीत सायकियाट्रिक, क्लिनिकल आणि मेडिकल सोशल वर्कर हे सगळे आहेत. समाजकार्याची पदवी घेऊन वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आणि मनोविकार विभागात घडलेली सोशल वर्कर यांत केवढं अंतर आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून तुमच्या मॅडमना पहिला प्रश्न विचारायचा तो शिक्षणाचा आणि नोंदणीचा. यात अपमान काही नाही. मला कुणी विचारलं की मी लगेच सांगायचे, आणि विचारणाऱ्याबद्दल मला आदरच वाटायचा.

हो, मीही याच कामात आयुष्य घालवलंय. म्हणून पुढचं जरा जवळून सांगते.

नोकरीला लागून तिसरं वर्ष असेल. पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या, मुलगी घेऊन आली होती. बाई बोलायला संथ, सतत झोपाळलेल्या, कशात रस नाही, वजन वाढलेलं, मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायलाही वेळ लागे. मी दीड तास हिस्टरी घेतली. नवरा जाऊन वर्ष झालेलं, मुलगा दूर. सगळं चित्र माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट उभं राहिलं आणि व्हरांड्यात मी मुलीला सांगून टाकलं, "आईला डिप्रेशन आलंय." सायकियाट्रिस्टनी नंतर पाहिलं, माझं टिपण वाचलं आणि रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. थायरॉइड अगदी मंदावलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत बाई माणसांत आल्या. पण तोवर मुलीनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं. कुणी बाईंना मन खंबीर करायला सांगत होतं, कुणी त्यांच्यासमोर बोलायचं टाळत होतं. माझ्या टिपणातली एकही ओळ चूक नव्हती. संथपणा खरा होता, झोप खरी होती, दुःखही खरं होतं. चुकला तो मी दिलेला शब्द. रक्त तपासल्याशिवाय तो शब्द द्यायचा नसतो, आणि रक्त तपासायला सांगणं माझ्या हातात नव्हतं.

निदान डॉक्टरी पेशाशी बांधलं जातं ते याचसाठी. मनाची लक्षणं पुष्कळदा शरीरातून येतात. थायरॉइड जास्त झालं तर माणूस घाबराघुबरा होतो, कमी झालं तर मंद. बी-12 कमी पडलं तरी स्वभाव बदलतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माणूस अतिउत्साही होऊ शकतो. हे सगळं चाळून बाजूला काढायचं आणि मग उरलेल्याला नाव द्यायचं. ज्याला ही चाळणी लावता येते आणि नाव चुकलं तर ज्याला जाब विचारता येतो, त्यानंच नाव द्यावं, असं माझं पक्कं मत आहे. अमेरिकेतल्या क्लिनिकल सोशल वर्करनाही शारीरिक कारणाची शंका आली की डॉक्टरांकडे पाठवायला शिकवतात.

आता तुमच्या चिठ्ठीकडे येते. फोटो मोठा करून मी ती दोनदा वाचली. तुम्ही पत्रात एकच शब्द उतरवलाय, घरात भांडणही त्या एका शब्दावरून झालंय. पण चिठ्ठीत सहा ओळी आहेत. चार महिने उदास. पीएचक्यू 17. आईच्या सांगण्यानुसार दोन वर्षांपूर्वी आठ-दहा दिवस झोपेची गरज कमी, उत्साह आणि खर्च वाढलेला. सध्या नैराश्याची गोळी चालू, हा काळ फॅमिली डॉक्टरांना माहीत नाही. प्रश्नचिन्ह, बायपोलर. सायकियाट्रिस्टकडून मूल्यमापन व्हावं, ही विनंती.

ते प्रश्नचिन्ह घरातल्या कुणी वाचलंच नाही, ताई. दवाखान्याच्या कागदांवर आजाराच्या नावाआधी प्रश्नचिन्ह येतं तेव्हा अर्थ असा असतो, की ही शंका आहे, खरी की खोटी ते तुम्ही तपासा. मॅडमनी निदान केलेलं नाही. ज्याला निदान करता येतं त्याच्यापुढे प्रश्न ठेवलाय, तोही बंद चिठ्ठीत न ठेवता तुमच्या हाती दिलेल्या उघड्या चिठ्ठीत. वर सांगितलेल्या कुठल्याही देशात अशी चिठ्ठी लिहिणं हे सोशल वर्करचं कामच आहे. न लिहिती तर मी म्हटलं असतं तक्रार करा.

यातल्या एका ओळीवर मी फार वेळ थांबले. 'झोपेची गरज कमी.' नुसतं 'झोप कमी' असं नाही. उदास माणसाला झोप लागत नाही, तो तळमळतो, सकाळी थकलेला उठतो. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस दोन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो, झोपेची गरजच वाटत नाही. 'झोप लागत नव्हती, की झोप नकोच होती?' हा प्रश्न मॅडमनी तुमच्या सासूबाईंना विचारलेला असणार, त्याशिवाय ती ओळ अशी लिहिली जात नाही. पीएचक्यू-9 मध्ये हा प्रश्न नाही. तो कागद फक्त उदासपणा मोजतो, उत्साह उतू जाण्याबद्दल एक अक्षर विचारत नाही. म्हणून साध्या नैराश्यातही 17 येतील आणि बायपोलरमधल्या उदास टप्प्यातही 17 येतील. फरक कळतो तो जुन्या दिवसांवरून, आणि ते दिवस रुग्णाला स्वतःला पुष्कळदा आजार वाटत नाहीत. आयुष्यातला चांगला काळ वाटतो. फॅमिली डॉक्टरांना मिस्टरांनी ते सांगितलं नाही यात लपवाछपवी नव्हती. तुम्ही सांगू शकत नव्हता. ठाऊक होतं एकट्या सासूबाईंना, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दिवस मोजण्यालाही अर्थ आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत उन्मादाच्या, म्हणजे उत्साह उतू जाण्याच्या अवस्थेसाठी साधारण सात दिवसांची अट आहे, सौम्य अवस्थेसाठी सलग चार दिवसांची. सासूबाई आठ-दहा म्हणतात, म्हणून मॅडमना ते सोडून देता आलं नाही. तरी मी इथे बसून तुमच्या मिस्टरांना बायपोलर आहे असं म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका. त्या दिवसांत काही औषध चालू होतं का, काही व्यसन होतं का, थायरॉइड कधी तपासलं का, हे समोर बसून कुणीतरी बघायला हवं.

पण ते लवकर बघायला हवं, आणि याचं कारण शिक्क्यापेक्षा त्या गोळ्या आहेत. बायपोलर असेल आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्या चालू राहिल्या, तर काही जणांत उत्साह एकदम उसळतो आणि माणूस दुसऱ्या टोकाला जातो. 'थोडा फरक आहे' असं वाटायला लागतं तेव्हाच घरच्यांनी डोळे उघडे ठेवायचे असतात. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, अचानक बंद केल्याचा वेगळा त्रास होतो. उद्याच फॅमिली डॉक्टरांना फोन करा आणि दोन वर्षांपूर्वीचे ते दहा दिवस जसेच्या तसे सांगा. चिठ्ठी वाचून दाखवली तरी चालेल. झोप कमी होऊन उत्साह वाढायला लागला, बोलण्याचा वेग वाढला, पैसे उधळायला लागले, तर अपॉइंटमेंटची वाट पाहत बसू नका.

दिरांबद्दल एक बोलते, वाईट वाटून घेऊ नका. 'आळस आहे' असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा अधिकार कुणी विचारला का? तेही निदानच होतं. चार महिने घरात ते फिरत होतं, तुमचे मिस्टर ते ऐकत होते, आणि त्यांच्या मनावर त्याचा शिक्का बसलेला असणार. फॅमिली डॉक्टरांनी नैराश्य म्हटलं, ते बिनतक्रार मान्य झालं. तीन तास ऐकून घेणाऱ्या, आईला वेगळं विचारणाऱ्या बाईंनी एक प्रश्नचिन्ह काढलं, आणि तिथे मात्र अधिकार आठवला. मला वाटतं मिस्टर रागावले ते अधिकारावरून नाही, भीतीनं. त्या शब्दाची भीती वाटणं अगदी साहजिक आहे. त्या भीतीशी बोला, अधिकारावर वाद घालू नका.

तक्रारीचं विचारलंत. या चिठ्ठीवरून तक्रार करायला काही नाही. मॅडमनी "तुम्हाला बायपोलरच आहे" असं ठासून सांगितलं असतं, गोळी बदला किंवा बंद करा म्हटलं असतं, किंवा तुमच्या परवानगीशिवाय बाहेर कुणाला कळवलं असतं, तर मी स्वतः तुम्हाला तक्रारीचा मसुदा लिहून दिला असता. तसं करणारेही आहेत. आठवड्याभराचा कोर्स करून नावापुढे समुपदेशक लावायचं आणि पहिल्याच भेटीत आजाराचं नाव हातात द्यायचं, असे लोक पाहून माझा जीव तुटतो. त्यांच्यामुळे तुमच्या मॅडमसारख्या बाईंकडेही लोक संशयानं पाहतात.

नोकरीचं. भारतात असाल तर त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 3 तुमच्या दिरांना वाचून दाखवा. मानसिक आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय निकषांवरच. उपचारासाठी किंवा कायद्यानं सांगितलेल्या कामासाठी असेल तेवढंच कुणाला मानसिक आजारी म्हणून वर्गीकृत करायचं, एरवी नाही. आणि आजार ठरला म्हणून माणूस वेडसर ठरत नाही, ते न्यायालयानं ठरवल्याशिवाय नाही. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरूनही आज आजार आहे असं म्हणता येत नाही. त्याच कायद्यात माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे आणि आपली कागदपत्रं मागण्याचाही. दुसऱ्या देशात असाल तर तिथल्या रुग्णहक्कांच्या कायद्यात गोपनीयतेची तरतूद असतेच, ती विचारून घ्या. एका सोशल वर्करनं सायकियाट्रिस्टला लिहिलेली चिठ्ठी मिस्टरांच्या साहेबांच्या टेबलावर आपोआप जात नाही. ती सध्या तुमच्या पर्समध्ये आहे.

मिस्टरांशी कसं बोलायचं, हा खरा अवघड भाग. 'बायपोलर' शब्दानं सुरुवात करू नका. जेवणं झाल्यावर, दीर नसताना, शेजारी बसा. मी तुमच्या जागी असते तर असं म्हटलं असतं: "तुम्हाला काय झालंय ते मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही, त्यांनी प्रश्नचिन्ह काढलंय, बघा. आईंनी ते दहा दिवस सांगितले. मी नव्हते तेव्हा. तुम्हाला ते दिवस कसे आठवतात, ते मला ऐकायचंय." आणि मग खरंच ऐका. ते चांगले दिवस होते असं म्हणाले तर खोडू नका. पैशांचा विषय निघाला तर हिशेब मागू नका. शेवटी एवढंच म्हणा, की गोळ्या चालू आहेत, त्या बरोबर आहेत की नाही ते एकदा सायकियाट्रिस्टना विचारून घेऊ, मी बरोबर येते. आजाराचं नाव मान्य करायला माणूस तयार नसतो, पण गोळी बरोबर आहे का हे तपासायला पुष्कळ जण तयार होतात. नाहीच म्हणाले तर दोन दिवसांनी परत विचारा. तोवर फॅमिली डॉक्टरांना फोन झालेला असू दे, त्यासाठी त्यांच्या होकाराची वाट पाहू नका.

सासूबाईंना बरोबर न्या. त्या गप्प आहेत असं तुम्ही मूळ पत्रात एका ओळीत लिहिलंत, पण मला त्यांचीच जास्त काळजी वाटली. ज्या माहितीवरून शंका आली ती त्यांनी दिली, आणि आता घरात त्यावरून वादळ उठलंय. आपण मुलावर आळ आणला असं त्यांना वाटत असेल. त्यांना सांगा की त्यांनी सांगितलं म्हणून गोळी तरी तपासली जाणार आहे. जाण्याआधी दोघी बसून एका कागदावर ते दहा दिवस उतरवा: कुठला महिना, झोप किती, पैसे किती, कुणाकडून, कसं थांबलं, त्याआधी किंवा नंतर असं कधी झालं होतं का. वडिलांकडच्या, आईकडच्या कुणाला असा त्रास होता का, तेही लिहा. सायकियाट्रिस्टची पहिली भेट बहुधा मॅडमच्या तीन तासांइतकी लांब नसेल. चिठ्ठी आणि तो कागद दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा. मॅडमचा फोन नंबर चिठ्ठीवर आहे, डॉक्टरांना त्यांच्याशी बोलायचं असेल तर मिस्टरांची परवानगी घेऊन बोलू द्या.

सायकियाट्रिस्ट म्हणाले की बायपोलर नाही, तर मॅडम खोट्या पडल्या असं कुणाला म्हणू देऊ नका. प्रश्न विचारला होता, उत्तर मिळालं. म्हणाले की आहे, तर मला परत लिहा, त्यावर बोलायला पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं दिलासा देणारं आहे.

पण नवव्या प्रश्नाचं उत्तर काय होतं, ते आजच बघा आणि मला दोन ओळींत कळवा. मी वाट पाहतेय.